डोरेमॉनच्या हातात बाटली? विडंबनाचे कपडे आणि सहकुटुंब पार्क

नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की या सदराकडे पार्क, पाळणे आणि कपडे यांवरची पत्रं येऊ लागतात. यंदा सातारा-सांगलीकडच्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या अंगांनी आला आहे: ओळखीच्या कार्टून पात्रांची टर उडवणारे टी-शर्ट किंवा सोंगं घालून सहकुटुंब थीम पार्कमध्ये जावं का? पाळण्यांची सुरक्षा, कपड्यावरची छपाई आणि कायदा या बाजू जाणणाऱ्यांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

चुलत-मावस मिळून आम्ही सोळा जण, त्यात सात लहान मुलं, खोपोलीजवळच्या मोठ्या पार्कला एका दिवसाची सहल काढतोय. सगळ्यांना एकसारखा टी-शर्ट ठरवलाय: झिंगलेला डोरेमॉन, डोळे तांबारलेले, हातात बाटली, खाली ‘आज गॅजेट नाही, क्वार्टर!’ ग्रुपवर चित्र टाकल्यावर काकू ग्रुप सोडूनच गेल्या. भाऊ म्हणतो, हल्ली सगळे घालतात. पार्कवाले अडवतील का? नाही अडवलं तर हरकत काय?
(गोडोली, सातारा)

अडवू शकतात. पार्क खासगी जागा आहे आणि कोणाला आत घ्यायचं याचा अधिकार तिकिटाच्या अटींत राखून ठेवलेला असतो. सुट्टीच्या दिवशी गेटवरच्या माणसाकडे तुमच्यासाठी जेमतेम दहा सेकंद असतात. तो तुमचा विनोद वाचत बसत नाही. बाटली, सिगारेट, गांजाचं पान, अश्लील हातवारा, शिवी आणि उघडं अंग एवढंच त्याच्या डोळ्यांना टिपता येतं. तुमच्या चित्रात बाटली आहे, म्हणजे अडवायला लागणारं कारण तुम्हीच छातीवर छापून नेताय. सोळा जणांना एकाच वेळी अडवलं तर बसमधून दुसरे कपडे काढेपर्यंत तास जातो, आणि त्या दिवशीच्या तिकिटात एक तास स्वस्त नसतो.

पण समजा, गेटवर कोणी काही बोललं नाही. तरीही काकूंच्या बाजूने बोलावं लागेल, आणि त्याचं कारण संस्कृतीबिंस्कृती नाही, उंचीचं आहे. पाच वर्षांचं मूल साधारण 105 ते 110 सेंटिमीटर उंच असतं. साडेपाच फुटी माणसाच्या छातीवरचं चित्र जमिनीपासून साधारण सव्वाशे सेंटिमीटरवर येतं. मोठ्या पाळण्यांच्या रांगा नागमोडी असतात, त्यामुळे पुढे गेलेला माणूस दर दोन-तीन मिनिटांनी वळून समोरून येतो. म्हणजे कोणाचं तरी पोर अर्धा-पाऊण तास तुमचा झिंगलेला डोरेमॉन हातभरावरून बघत उभं राहणार. तुम्ही तो टी-शर्ट आरशात एकदा बघता, ते मूल वीस वेळा बघतं.

विडंबन कळायला दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात: मूळ पात्र कसं आहे, आणि हे मुद्दाम उलटं केलंय. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिली येते, दुसरी अजून येत नाही. त्याला हसू येत नाही, ते विचारतं, ‘डोरेमॉनला काय झालं?’ आणि उत्तर देत बसतात त्याचे आईवडील, तुम्ही नाही.

म्हणून काय सगळीच थट्टा बाद होत नाही. पात्राला आपल्या घरात आणून बसवणारी थट्टा कोणालाच बोचत नाही. पोटाच्या खिशातून कंदी पेढ्याचा पुडा काढणारा डोरेमॉन, भडंगाच्या पुड्यासाठी भांडणारे मोटू-पतलू, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा छोटा भीम: यावर लहान मूलही हसतं आणि आजीही. दुसरी थट्टा पात्राला बेवडा, बीभत्स किंवा रक्तबंबाळ करते. ती कॉलेजच्या गॅदरिंगला चालेल, पार्कात नको. तिसरी थट्टा पात्राच्या आडून माणसांना हाणते: जाडेपणा, रंग, बोली, बायको, जात. गंमत अशी की ही तिसरी गेटवर बिनबोभाट सुटते, कारण तिच्यात बाटली नसते. आमच्या मते ती दुसरीपेक्षा वाईट. रांगेतल्या जाड मुलीला तिचं ‘ढोली’ हे नाव कोणाच्या पाठीवर वाचायला लागू नये.

शिनचॅनचा अपवाद काहीजण काढतील. खरंय, मूळ शिनचॅनच इतका वात्रट आहे की त्याची टिंगल करायची तर त्याला शहाणा दाखवावं लागेल. तसा छापा, मजा येईल.

छापण्याआधी एक चाचणी घ्या. तुमच्याच सात मुलांपैकी सगळ्यात लहान मुलाला एकट्याला चित्र दाखवा आणि ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा. मग तेच काकूंना विचारा. दोघांनाही समजावून सांगावं लागलं तर विनोद तसाही फसलेलाच आहे. तुमच्या चित्रात बदल थोडाच लागेल: बाटलीच्या जागी पेढ्याचा पुडा, डोळ्यांतला लाल रंग काढून टाका, आणि खाली ‘आज गॅजेट नाही, पेढे!’ बाकी चित्र तेच राहू द्या. काकू ग्रुपवर परत येतील.

एकसारखे टी-शर्ट घालणारच आहात तर त्याचा उपयोगही करून घ्या. पोपटी किंवा भगवट नारिंगी रंग गर्दीत लांबून दिसतो, काळा आणि गडद निळा हरवतो. मुलांच्या टी-शर्टवर बाहेरून नाव छापू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मूल त्याच्यामागे जातं. घरातल्या दोन मोठ्यांचे मोबाइल नंबर खालच्या दुमडीच्या आतल्या बाजूला कपड्यावर लिहायच्या पेनने लिहा आणि ते कुठे आहेत हे मुलाला दाखवून ठेवा.

आमच्या कॉलेज ग्रुपने असेच बारा टी-शर्ट छापून घेतले. चित्र फाटल्यासारखं आलं, आणि ‘गर्दीत दर्दी’ची अक्षरं अशी तुटली की वाचणाऱ्याला भलताच शब्द दिसतो. दुकानदार म्हणतो फाइल तुमचीच होती. पुढच्या वेळी काय करावं?
(विद्यानगर, कराड)

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केला असणार. छपाईच्या दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट असतात, त्यांची अक्षरांची मांडणी वेगळी असते. मजकूर नुसता कॉपी करून तिकडे चिकटवला की रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. विडंबनात हे जास्त महागात पडतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं चावटपणा मुद्दामच केलाय. उपाय दोन. मजकूर दुकानात बसून त्यांच्याच फॉन्टमध्ये टाइप करून घ्या. नाहीतर तुमच्या फाइलमधली अक्षरं आधी कर्व्हमध्ये बदला, म्हणजे ती अक्षरं न राहता चित्र होतात आणि कोणत्याही संगणकावर तशीच दिसतात. त्यानंतर मजकुरातली चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून तपासणी आधी करा, आणि ज्याने मजकूर कधी पाहिलेला नाही त्याच्याकडून करून घ्या.

चित्र फाटण्याचं कारण पिक्सेल. बारा इंच रुंद छाप 300 डीपीआयला (दर इंचात 300 ठिपके) हवा तर चित्राची रुंदी 3600 पिक्सेल लागते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जाऊन बऱ्याचदा 1600 पिक्सेलच्या आसपास येतं. ते पाच-सव्वापाच इंचांपर्यंतच स्वच्छ दिसतं, पुढे ताणलं की दाणे दिसायला लागतात. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजीमध्ये.

बारा-पंधरा नगांसाठी स्क्रीन प्रिंटिंग परवडत नाही, कारण दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, लागते. तुम्हाला डीटीएफ बरं: फिल्मवर छाप, त्यावर चिकट पावडर, मग साधारण 150 ते 160 अंशांना दहा-पंधरा सेकंद दाब. दाबण्याआधी कोरा टी-शर्ट तीन-चार सेकंद गरम प्रेसखाली धरायला सांगा. कापडातली दमट हवा राहिली तर पहिल्याच धुण्याला छापाचे कोपरे सुटतात. फिल्म काढल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा पाच-सात सेकंदांचा दाब द्यायला लावा, त्याने छाप टिकतो आणि रबरासारखी चमकही कमी होते.

डीटीएफचा मोठा, भरीव चौकोन छातीवर घेऊ नका. त्या थरातून हवा जात नाही आणि दुपारी बारानंतर तिथेच घामाची पट्टी तयार होते. चित्राच्या मागची पार्श्वभूमी काढून फक्त आकृती छापा. मोठ्यांना 10 ते 11 इंच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना 7 इंच रुंदी पुरते; सुरुवात गळपट्टीपासून अडीच-तीन बोटं खाली. कापड 180 जीएसएमचं (दर चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं), बायोवॉश केलेलं, म्हणजे वरचे सुटे तंतू काढून मऊ केलेलं घ्या. आणि बारा एकदम छापू नका. एक नमुना काढा, घरी उलटा करून धुवा, वाळवा, मगच बाकीचे अकरा. एवढ्यासाठी जाण्याच्या तारखेआधी आठ दिवस हाताशी हवेत. पहिले चोवीस तास धुवायचं नाही, आणि छापावर थेट इस्त्री कधीच नाही.

मुलाला मोटूसारखं फोमचं पोट आणि पाठीवर केप असं सोंग शिवून दिलंय, सासऱ्यांना पतलू. पाळण्यांवर चालेल का? वॉटर पार्कात तेच भिजवलं तर?
(विश्रामबाग, सांगली)

फोटोसाठी चालेल, पाळण्यावर नाही. फोमच्या पोटाचा धोका लक्षात येत नाही म्हणून सविस्तर सांगतो. खांद्यावरून येणारा हार्नेस किंवा मांडीवरची दांडी अंगाला टेकून बसायला हवी. फोमवर ती लगेच ‘घट्ट’ बसल्यासारखी वाटते, ऑपरेटर ओढून बघतो आणि पुढे जातो. पाळणा पहिल्या उतारावर आला की फोम दबतो आणि दांडी व शरीर यांत दोन-तीन इंचांची फट पडते. दांडी तिच्या खाचेत अडकलेली असते, ती आपोआप खाली येत नाही. मग मूल आत घसरतं. म्हणून फोम काढूनच बसायचं, ऑपरेटरने विचारलं नाही तरीसुद्धा. पोट शिवतानाच मागून वेल्क्रो लावा, गाठ मारायचे बंद नकोत, म्हणजे रांगेत अर्ध्या मिनिटात सुटेल.

केप, ओढणी, लांब शेपटी, सुटी वेणी हे गो-कार्टपासून लांबच ठेवा. मागच्या चाकाच्या दांड्याला कापडाचं टोक एकदा गुंडाळलं की ते ओढून काढण्याइतका वेळ मिळत नाही. केस बांधून हेल्मेटच्या आत. तोंडावरचा मुखवटा बाजूचं दिसू देत नाही, त्यामुळे जिने आणि चढ-उताराच्या फलाटांवर ठेच लागते. डोक्यावर सरकवून ठेवला तर पाळण्यावर उडतो. कानांचा हेअरबँड आणि पतलूची खोटी मिशीसुद्धा उडते, पण मिशी कोणाला लागत नाही.

पाण्यात सुती टी-शर्ट बहुतेक वॉटर पार्क चालवून घेत नाहीत. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे पोहण्याचे कपडे लागतात, नसतील तर तिथेच भाड्याने मिळतात. सुती कापड पाणी पिऊन लोंबतं, घसरगुंडीवर घासतं आणि त्याचे तंतू गाळणीत जाऊन बसतात. चेन, रिव्हेट, धातूची बटणं घसरगुंडीचा गुळगुळीत थर ओरबाडतात. पाण्यातही विडंबन हवंच असेल तर पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई मुरवणारी छपाई, करून घ्या. त्यात शाई धाग्यातच मुरते, थर बसत नाही, म्हणून क्लोरीनच्या पाण्याने सोलून निघत नाही. सुती कापडावर सब्लिमेशन दिसायला येतं आणि धुतलं की जातं.

मुलगी-जावई अमेरिकेत असतात, आम्ही फ्लोरिडातल्या डिस्नीला जाणार आहोत. 19 वर्षांच्या भाच्याला राजकन्येच्या कथेतला ‘झोंबी राजपुत्र’ होऊन जायचंय: फाटका झगा, तोंडाला हिरवा रंग, प्लास्टिकची तलवार. मोठ्यांना मनाई असते असं ऐकलं, खरं का?
(वाई)

खरं आहे. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत 14 वर्षं आणि त्यापुढच्या पाहुण्यांना एरवी पूर्ण सोंग किंवा मुखवटा घालून येता येत नाही. वैद्यकीय मास्कची गोष्ट वेगळी. हॅलोविनच्या हंगामातले वेगळ्या तिकिटाचे कार्यक्रम हा अपवाद, पण तिथेही झगा जमिनीवर लोळता कामा नये, चेहरा झाकलेला नको, खरं वाटेल असं शस्त्र नको, आणि सोंग घेतलेल्या पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्यांबरोबर पात्र म्हणून फोटोला उभं राहायचं नाही की सह्या द्यायच्या नाहीत.

या शेवटच्या अटीतच सगळ्या नियमाचं कारण आहे. तिथे लहान मूल झग्यातल्या बाईला खरी राजकन्या समजून मिठी मारतं. पार्कने तिला त्यासाठी शिकवून उभं केलेलं असतं. तुमचा भाचा चांगल्या घरचा असला तरी त्याच गर्दीत कोण मुखवटा घालून कशासाठी आलंय हे पार्कला सांगता येत नाही. म्हणून त्यांनी वयाची रेघ मारली. झोंबी राजपुत्र तर दुहेरी अडतो: वयाने आणि अवताराने. टोकियोच्या डिस्ने पार्कांतही मोठ्यांना पूर्ण वेश हॅलोविनच्या ठरावीक दिवसांतच करता येतो. वयाच्या मर्यादा प्रत्येक पार्कच्या वेगळ्या, त्या तिकीट काढताना त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. ओळखीच्यांनी पाच वर्षांपूर्वी काय घातलं होतं यावर जाऊ नका.

टी-शर्टला वयाची अडचण नाही, पण आक्षेपार्ह मजकूर किंवा चित्र त्यांच्या यादीत स्पष्टपणे निषिद्ध आहे. त्यांच्याच पात्राची हलकीफुलकी फिरकी सहसा खपते, त्याच पात्राचा अश्लील हातवारा खपत नाही. ‘अडवलं तर उलटा घालीन’ या भरवशावर राहू नका. सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या मोठ्या अमेरिकन साखळीच्या नियमांत तर असा कपडा उलटा घालून प्रवेश मिळणार नाही असं लिहूनच ठेवलंय. साधा टी-शर्ट पिशवीत असू द्या, आतल्या दुकानातला टी-शर्ट रुपयांत मोजला की तोंड हिरवं न रंगवताच हिरवं होतं.

भाच्याची हौस दुसऱ्या वाटेने भागेल. तिकडे ‘डिस्नीबाउंडिंग’ म्हणतात: सोंग न घेता रोजच्याच कपड्यांतून पात्राचे रंग जुळवायचे. निळा शर्ट, लाल पँट, सोनेरी पट्टा, बस्स. राजपुत्राची झोंबी आवृत्ती करायची तर मळकट हिरवा शर्ट आणि मुद्दाम चुकीच्या काजात घातलेलं एक बटण. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि गेटवरच्याला कळलं तरी अडवायला काही नसतं.

माझं टी-शर्ट छपाईचं दुकान आहे. गिऱ्हाईक मिकी, डोरेमॉन, भीम यांची विडंबनं मागतात. ‘विडंबनाला कॉपीराइट लागत नाही’ हे खरं का?
(मिरज)

एवढं सरळ नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापर, टीका-परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी रास्त वापराची सूट आहे. विडंबन हा शब्द त्यात नाही. न्यायालयांनी मात्र जागा ठेवलेली आहे. केरळ उच्च न्यायालयाने 1996 मध्ये एका नाटकावर उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला रास्त वापर मानलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये टाटा विरुद्ध ग्रीनपीस या वादात, टाटांच्या चिन्हाची फिरकी घेणाऱ्या संगणकीय खेळावर तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. पण दोन्हीकडे मूळ गोष्टीवर काहीतरी भाष्य होतं, आणि चिन्ह लावून माल विकणं हा हेतू नव्हता.

तुमच्या दुकानाचा प्रश्न इथेच सुरू होतो. घरच्या सहलीसाठी स्वतः काढलेलं चित्र अंगावर घालणाऱ्याला वैयक्तिक वापराचं बोट धरता येतं. पैसे घेऊन शंभर नग छापणाऱ्याला ते धरता येत नाही. इंटरनेटवरून उचललेला मूळ डोरेमॉन जसाच्या तसा ठेवून खाली एक विनोदी ओळ टाकली तर ते विडंबन नाही, ती मूळ चित्राची नक्कलच. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड एवढी तरतूद आहे. ट्रेडमार्क कायदा 1999 त्याहून वेगळा, आणि बाहेरच्या मोठ्या कंपन्या बहुधा तोच आधी काढतात. अमेरिकेतही विडंबन म्हणजे हमखास सुटका नव्हे: मिकीला नशाबाज दाखवणाऱ्या कॉमिकवाल्यांविरुद्ध 1978 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, तर व्हिस्कीच्या बाटलीची नक्कल करणाऱ्या कुत्र्याच्या खेळण्याच्या खटल्यात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विडंबनाची ढाल पातळ केली.

‘मिकी आता मोकळा झाला’ हेही अर्धंच. 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत 1928 च्या ‘स्टीमबोट विली’मधला मिकी कॉपीराइटबाहेर आला: कृष्णधवल, हातमोजे नसलेला. नंतरची रंगीत रूपं आपापल्या तारखेलाच सुटणार, आणि नावावरचा ट्रेडमार्क जागेवरच आहे.

आमचा सल्ला व्यवहाराचा. ऑर्डरच्या पावतीवर ‘चित्र गिऱ्हाइकाने दिले’ असं लिहून घेण्याने जबाबदारी पुरती टळत नाही, तरी लिहून घ्या. त्याच चित्राचा गठ्ठा छापून दुकानाबाहेर टांगू नका. आणि स्थानिक चित्रकाराकडून स्वतःची पात्रं काढून घ्या: हळदीच्या पोत्यावर बसलेलं मांजर, द्राक्षं मोजणारा माकड-मुनीम, कुस्तीच्या आखाड्यातला कासव. सांगली-मिरजेत गिऱ्हाईक तीच घेऊन जाईल.

जत्रेत आणि पार्कात पोलिसाचं, जवानाचं किंवा मावळ्याचं विनोदी सोंग मुलांना चालतं का?
(फलटण)

लहान मुलाच्या फॅन्सी ड्रेसवर कोणी गुन्हा दाखल करत नाही. मोठ्या माणसाने खरा वाटेल असा लष्करी गणवेश, आपण जवान आहोत असं भासवायला घालणं हा मात्र भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे, आणि पोलिसी गणवेश फसवणुकीच्या हेतूने घालणंही. ड्रेपरीवाल्याकडून आणताना खरी बोधचिन्हं, नावपट्टी, बिल्ले काढून घ्या आणि रंग मुद्दाम वेगळा ठेवा. तिरंगा कमरेखाली नको, कापडावर छापलेलाही नको. 1971 चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा तिथे स्पष्ट आहे. देवदेवता आणि छत्रपती यांचा वेश घ्यायचा तर तो विनोदाला नको. ते साताऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही, पण छापील ‘कार्टून’ टी-शर्ट बाहेरून मागवताना चित्र नीट न बघता मागवले जातात.

मेढा रस्त्यावर आमचं गार्डन रेस्टॉरंट आहे, बाजूला मुलांचे पाळणे. सुट्टीत भाड्याचा मिकी आणि त्याची फजिती करणारा ‘डुप्लिकेट मिकी’ असे दोन मुखवटेवाले ठेवायचेत. काय काळजी घ्यावी?
(सातारा)

आधी मिरजेचं उत्तर वाचा. पैसे घेऊन चालवलेल्या जागेत मिकी ठेवणं वैयक्तिक वापरात बसत नाही. त्यापेक्षा उंदीर ठेवा, पण तुमचा: धोतर नेसलेला, डोक्यावर पटका, नावही तुमचं. एक शहाणा आणि एक वेंधळा उंदीर असला की तुमची जुगलबंदी तशीच होते.

मग आतल्या माणसाची काळजी. फोमच्या डोक्यात आणि फरच्या अंगात हिवाळ्यातही तो घामाने निथळतो. डिसेंबरात वीस-पंचवीस मिनिटं काम आणि तेवढीच विश्रांती, एप्रिल-मेमध्ये पंधरा मिनिटांच्या वर नाही, दुपारी बारा ते चार बंद. पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचं सरबत विश्रांतीच्या जागी तयार हवं. चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबला तर डोकं लगेच काढायचं, समोर मुलं असली तरी.

मुखवट्याच्या तोंडातल्या जाळीतून त्याला समोरचं दिसतं, पायाजवळचं नाही. दोन वर्षांचं पोर त्याच्या गुडघ्याशी आलं तर त्याला कळतच नाही. म्हणून प्रत्येक मुखवट्याबरोबर एक साध्या कपड्यांतला माणूस. खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली बस, असे इशारे ठरवा, कारण आत ऐकूही कमीच येतं.

तीन-चार वर्षांपर्यंतची बरीच मुलं हलणाऱ्या मोठ्या तोंडाला घाबरतात. फोटोसाठी रडणारं मूल मांडीवर देणाऱ्या पालकांना तुमच्या माणसाने हसून थांबवावं. मुखवटेवाल्याने आठ-दहा फुटांवर गुडघ्यावर बसावं, हात हळू हलवावा आणि मुलाला यायचं तर येऊ द्यावं. वेंधळ्या उंदराची फजिती पडण्या-घसरण्याची असू द्या, मारामारीची नको. दोन मुखवट्यांची खोटी मारामारी बघून पाच वर्षांची पोरं खरे गुद्दे घालायला धावतात, आणि ते बरोबर पोटाच्या खाली लागतात.

भाड्याने आणताना डोकं आतून हुंगून बघा. कुबट वास आला तर घेऊ नका, धुतल्याने तो जात नाही. प्रत्येक माणसाला स्वतःची सुती कानटोपी, दिवसाला दोन. रोज रात्री डोक्याच्या आत सॅनिटायझरचा हलका फवारा मारून पंख्यासमोर तोंड वर करून ठेवा, पिशवीत बंद केलं की बुरशी धरते. अंगाचा फर पॉलिस्टरचा असतो, झटकन पेटतो. शेगडी, तंदूर आणि वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांपासून सहा फूट लांब उभं राहायचं, आणि केक कापताना फोटोत उंदीर हवाच असेल तर मेणबत्त्या विझल्यावर बोलवा.